झोपलेल्यांवर रागावलेली गाडी

दुपारची वेळ होती, मामा गॅरेजच्या दारात आरामखुर्चीत गाढ झोपले होते, आणि तेव्हाच तो आवाज झाला.

आवाज म्हणजे कसला — धडाम्! समोरच्या शिंप्याच्या हातातली कात्री खाली पडली, तारेवरची कबुतरं उडाली आणि मामा खुर्चीसकट मागे कलंडले. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. गॅरेजातली एक मुलगी तेवढी जागची हलली नाही. ती एका टेम्पोखाली उताणी पडून ऑइल काढत होती. तिथूनच ती म्हणाली,

"सायलेन्सरमधून मारलंय. पुढून नाही."

ती मामांची भाची. आईने तिला मोठ्या हौसेने कॉलेजात घातलं होतं. पदवीही मिळवली तिने, नाही असं नाही, पण जीव रमला तो मामांच्या गॅरेजातच. लहान असताना तिने चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरीला हात लावला होता आणि सणसणीत झटका खाऊन रडायच्या ऐवजी "मामा, परत!" असं म्हणाली होती. त्या दिवसापासून मामा तिला ठिणगी म्हणायचे, आणि मामा म्हणाले की सगळी गल्ली म्हणायची.

ठिणगी टेम्पोखालून सरपटत बाहेर आली. दारात एक जुनी गाडी उभी होती, दुधावरच्या सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची. मागून निळा धूर निघत होता. आणि गाडीचा मालक... तो सगळ्यांची माफी मागत फिरत होता. शिंप्याला सॉरी म्हणाला, कात्री उचलून दिली. मामांना हाताला धरून उठवलं, त्यांची पाठ झटकली, पुन्हा सॉरी म्हणाला. मग त्याने तारेकडे असं काही बघितलं, की हा आता कबुतरांचीही माफी मागतो की काय, असं तिला वाटलं.

"तोफखाना घेऊन फिरता का हो?" मामा कंबर चोळत म्हणाले.

"सॉरी, खरंच सॉरी. त्यासाठीच आलोय. ही अशीच मध्येच..."

"बॅकफायर मारते," ठिणगीने वाक्य पुरं केलं. "कधीपासून?"

तो वळला. तिच्या गालावर ऑइलचा पट्टा होता आणि हातात पाना. त्याच्या शर्टाच्या बाहीवर निळ्या रंगाचा डाग होता आणि नखं काळीकुट्ट. ती नखं तिने आधी पाहिली. हा पण मेकॅनिक की काय, असं तिच्या मनात आलं.

"मी चालवायला लागलो तेव्हापासून," तो म्हणाला. "आधी बाबा चालवायचे. त्यांच्या हातात कधी हूं की चूं केलं नाही हिने. बाबा गेले, आणि मग..." तो थांबला. "मी अगदी त्यांच्यासारखीच चालवतो. तरी अशी."

"आणि नखं?"

"काय?"

"नखं काळी कशाने?"

"कोळसा. मी शाळेत चित्रकला शिकवतो." त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. "तुमची?"

"ग्रीस."

"म्हणजे रंग एकच," तो म्हणाला आणि हसला. आता खरं सांगायचं तर त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तरीही ठिणगी हसली, आणि मामांनी खुर्ची उचलता उचलता ते बरोबर पाहिलं.

गाडीत काही फार बिघडलेलं नव्हतं. प्लग काळवंडले होते, पॉइंट झिजले होते. तिने दोन्ही बदलले, टायमिंग लावलं आणि गाडी घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत चक्कर मारून आली. एकटीच. मामांचा तसा नियमच होता — गाडी तपासायला न्यायची तर गिऱ्हाईकाशेजारी बसायचं नाही. गिऱ्हाईक शेजारी असलं की ते बोलतं, आपण बोलतो, आणि इंजिन काय बोलतंय ते ऐकायचं राहून जातं. या नियमावर मामांनी अख्खा जन्म काढला होता आणि ठिणगीनेही तो कधी मोडला नव्हता. गाडी शहाण्या मुलीसारखी गेली आणि शहाण्या मुलीसारखी परत आली. ठिणगीने किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आता नाही वाजणार."

त्याच आठवड्यात, मामांचा डोळा लागलेला असताना, पुन्हा धडाम्!

"आला गं तुझा तोफखाना," मामा जमिनीवरून म्हणाले.

ठिणगीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने दुरुस्त केलेली गाडी परत येत नसे, हा तिचा तोरा होता आणि तो गल्लीला माहीत होता. तिने सायलेन्सरचा जोड उघडला. पॅकिंग फाटलेलं होतं, तिथून हवा शिरत होती. हेच असणार! नवं पॅकिंग घातलं. एकटीने चक्कर मारली, गाडी गुणी बाळ. तो घेऊन गेला आणि गाडी वाजली. मग तिने कार्ब्युरेटर उतरवून पेट्रोलमध्ये धुतला, एकेक भोक फुंकून बघितलं, पुन्हा बसवला. तिच्या हातात गाडी मुकाट, आणि त्याच्या हातात जाऊन वाजली.

मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "गाडी एकदा आली तर गिऱ्हाईक, पुन्हा आली तर तक्रार..." ते इथे थांबून भाचीकडे चष्म्यावरून बघायचे. "...आणि येतच राहिली तर प्रकरण."

"मामा!"

"मी गाडीबद्दल बोलतोय."

आणि तो येत राहिला. शाळा सुटली की यायचा, तिचं काम होईपर्यंत एका जुन्या टायरवर बसायचा. एकदा तिने विचारलं, "आवाज नेमका कसा होतो? धड असा की फट असा?"

"धड... आणि मग जरा... फुस्स."

"फुस्स?"

"लाजल्यासारखं. थांबा, सांगता नाही यायचं मला." त्याने खिशातून खडू काढला आणि गॅरेजच्या फरशीवर धुराचा मोठा ढग काढला. ढगाला भुवया काढल्या, रागावलेल्या. आणि ढगाच्या कोपऱ्यात पाना घेतलेली एक मुलगी, ढगापेक्षा जास्त रागावलेली.

"ही कोण?"

"ही? डॉक्टर."

नंतर कितीतरी दिवस ठिणगी त्या ढगाला वळसा घालून चालत होती. जॅक सरकवायचा तरी तो उचलून पलीकडे न्यायची. "फरशी पुसायची राहिलीये वाटतं," मामा म्हणायचे. "पुसते," ती म्हणायची. पण पुसली मात्र नाही.

एका दुपारी मामा हट्टाने जागे राहिले. खुर्चीत ताठ बसून, डोळे वटारून वाट बघत होते. आणि त्या दिवशी गाडी आवाज न करता सरळ आत आली.

"असं कसं?" ठिणगी म्हणाली. "बरं, मला सांगा, वाजते तरी कुठे कुठे?"

त्याने आठवून सांगितलं. पाळणाघरापाशी तर रोजच. त्याची आई टाकीच्या उतारावर पाळणाघर चालवायची, आणि दुपारी पोरं झोपलेली असताना हा दुधाचे कॅन आणि खाऊचे डबे घेऊन जायचा. मग एकदा दवाखान्याच्या गल्लीत वाजली होती. आणि इथे, मामा झोपलेले असताना.

"म्हणजे झोपलेल्या माणसांवर राग आहे तुमच्या गाडीचा."

"आईचं पण तेच म्हणणं आहे," तो म्हणाला. "पोरं दचकून उठतात. एक उठलं की सगळी उठतात. सगळी उठली की आई उठते... म्हणजे माझ्यावर उठते."

ठिणगी इतकी हसली की हातातला पाना खाली पडला. तो उचलायला दोघंही वाकले आणि दोघांच्याही काळ्या बोटांनी एकदमच तो धरला. कुणीच लगेच सोडला नाही. मग तिनेच सोडला, आणि उगाचच बॉनेटखाली डोकं घालून कुठलासा घट्टच असलेला स्क्रू आणखी घट्ट केला. तिला तो आवडला होता. नुसता आवडला नव्हता, चांगलाच आवडला होता, आणि आता स्वतःपासून लपवण्यातही काही अर्थ उरला नव्हता.

मग एक दिवस तो आला आणि टायरवर बसलाच नाही. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तो दारात भिजत उभा राहिला.

"आईने भंगारवाल्याला सांगितलंय," तो म्हणाला. "शनिवारी येतोय न्यायला. एक लहान बाळ आहे पाळणाघरात, ते हल्ली गाडी नुसती दिसली तरी रडायला लागतं. आईचं चुकत नाहीये. गाडीवर तिचा माझ्याइतकाच जीव आहे. लग्न झाल्यावर पहिल्यांदा याच गाडीत बसून..." त्याने बोलणं सोडून दिलं. "शनिवारपर्यंत काही करता येईल?"

"येईल," ती म्हणाली. काय करता येईल, हे तिला माहीत नव्हतं.

तो गेला आणि ठिणगी त्या खडूच्या ढगापाशी बसून राहिली. गाडी बरी झाली नाही तर भंगारात जाणार. मग तो कशाला येईल? आणि बरी झाली तर... तरी तो कशाला येईल? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. क्षणभर तिच्या मनात आलं, मोठा आवाज बंद करावा आणि एखादा स्क्रू जरासा सैल ठेवावा. अगदी जरासा, महिन्यातून एकदा यावं लागेल एवढाच. पण मामांच्या हाताखाली तयार झालेला हात ते करणार नाही, हे तिला ठाऊक होतं. शिवाय त्या गाडीच्या पुढच्या सीटवर त्याच्या बाबांच्या पाठीचा खोलगट आकार अजून तसाच होता. तो भंगारात जाऊन चालणार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तो आला तेव्हा तिने हात पुसले आणि मामांपुढे जाऊन उभी राहिली.

"मामा, मी यांच्याशेजारी बसून जाणार आहे. पाळणाघरापर्यंत."

मामांनी चष्मा खाली ओढला. "नियम मोडतेस?"

"नियम इंजिन ऐकू यावं म्हणून आहे. इंजिन मी पुष्कळ ऐकलं, त्यात काही नाही. आता गाडी नाही बघायची, चालवणारा बघायचाय."

"बघायचाय, की बघत बसायचंय?"

"मामा!"

"जा. पण कान उघडे ठेव. आणि डोळे पण... कामापुरते."

गाडीत दुधाचा आणि रंगांचा वास होता. मागच्या सीटवर कॅन एकमेकांवर टणटण आपटत होते. वायपर कुरकुरत काचेवरची भुरभुर पुसत होता. मामांचा नियम किती बरोबर होता, ते तिला पहिल्या वळणावरच कळलं. तो बोलत होता, ती ऐकत होती, आणि इंजिनाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"तुम्ही पहिल्यांदाच बसताय ना," तो म्हणाला.

"गिऱ्हाईकाशेजारी बसायचा नियम नाही आमच्यात."

"अरे वा. मग आज काय विशेष?"

"आज... उपाय संपलेत."

"असं होय," तो म्हणाला. "मला वाटलं, नियम संपला."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. काचेत तिला स्वतःचं हसू दिसत होतं, आणि त्यालाही दिसत असणार याची तिला खात्री होती.

पाण्याची टाकी आली आणि तो एकदम गप्प झाला. "आता बोलायचं नाही हं," तो कुजबुजला. "पोरं झोपलीत." पुढे उतार होता आणि उताराच्या तळाशी पाळणाघराचं हिरवं फाटक. त्याने हात पुढे नेला आणि अलगद चावी फिरवली. खट्.

इंजिन बंद झालं. पण गाडी शांत झाली नाही. गिअर तसाच होता, चाकं इंजिनाला तसंच ओढत होती, पायाखाली गुरगुर चालूच होती. ठिणगीची नजर त्याच्या हातावरून त्याच्या पायांकडे गेली. ते जागचे हललेही नव्हते. गाडी अडखळली, धक्के देऊ लागली, फाटक अजून थोडं दूर होतं. तेव्हा त्याने सवयीने चावी पुन्हा चालू केली—

"नको!" ती म्हणाली.

धडाम्!

आधी एक रडणं आलं. मग दुसरं. मग सगळं पाळणाघर. दारात त्याची आई आली, खांद्यावर एक किंचाळणारं बाळ आणि कमरेला धरून दुसरं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "उद्या सकाळीच यायला सांगते त्या माणसाला."

"आई, अगं, या..."

"कळलं, या त्या! रोज जेवताना ऐकते मी. त्या म्हणाल्या कार्ब्युरेटर, त्या म्हणाल्या टायमिंग. त्यांना आत घेऊन ये आणि एकेक पोर घ्या दोघं. निस्तरा आता."

ठिणगी मात्र जागची हलली नाही. तिला सगळं कळलं होतं. चावी बंद, तरी गिअरमध्ये फिरणारं इंजिन. ते कच्चं पेट्रोल ओढतंय आणि न जळता सायलेन्सरमध्ये भरतंय. मग चावी चालू, प्लगची ठिणगी पडते, आणि भरलेलं सगळं एकदम पेटतं. गाडीत काही नव्हतंच. सांगितलं की गाडी वाचणार. आणि सांगितलं की आपलं काम संपणार, हे टायरवर बसणं, हे खडू, सगळंच.

"चावी का बंद केलीत?"

"आवाज होऊ नये म्हणून," तो म्हणाला. "बाबा तसंच करायचे. टाकीपाशी चावी बंद करायचे आणि गाडी तरंगत यायची, थेट फाटकापर्यंत. एक पोर कधी उठलं नाही. माझी मात्र मध्येच अडखळते. मग चालू करावी लागते... काय झालं?"

"तेव्हा तुम्ही कुठे बसायचात?"

"मागे. कॅन धरून. का?"

तिला हे हळू सांगायचं होतं, पण हळू कसं सांगायचं तेच सुचेना.

"मागच्या सीटवरून हात दिसतो," ती म्हणाली. "पाय नाही दिसत. बाबा आधी क्लच दाबत असणार. गिअर काढून गाडी न्यूट्रल करत असणार. मग चावी. तुम्हाला नुसती चावी दिसली."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या पायांकडे. आत पोरांची रड चालू होती.

"म्हणजे दवाखान्यापाशी... मामा झोपलेले असताना..."

"तुम्ही कुणाची झोप मोडू नये म्हणून चावी बंद करायचात. म्हणून झोपलेल्यांपाशीच वाजायची."

तो हसला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले आणि निळा रंग गालाला लागला. "आणि मला वाटायचं," तो म्हणाला, "बाबांच्या गाडीला मी चालतच नाही. तिला तेच हवेत."

"गाडीला सगळे चालतात. फक्त नीट सांगावं लागतं तिला." ती जरा थांबली. "निम्मं तर शिकलाच होतात तुम्ही. तेही लहानपणी, कॅन सांभाळत."

मग दोघं आत गेले. साबणाने हात धुऊनही नखं काळीच राहिली, पण पोरांना त्याचं काही नव्हतं. ठिणगीला जे बाळ मिळालं ते तेच, गाडी दिसली तरी रडणारं. त्याने तिचं बोट मुठीत पकडलं आणि झोपलं तरी सोडलं नाही. गाडीवाल्याची आई दुपटी सारखी करत ते बघत होती. खोलीत पुन्हा निजानीज झाली, तसं ठिणगीने बोट हळूच सोडवलं आणि त्याला खुणेने बाहेर बोलावलं.

गाडी पुन्हा टाकीपाशी. पाऊस थांबत आला होता.

"मला नाही जमणार," तो म्हणाला. "पुन्हा वाजली तर?"

"क्लच," ती म्हणाली. त्याने पाय दाबला. गिअरच्या दांड्यावर त्याचा हात होता, तिने त्यावर आपला हात ठेवला आणि दांडा मध्यावर आणला. "न्यूट्रल." मग ती म्हणाली, "आता चावी."

खट्.

आणि सगळं शांत झालं. गुरगुर नाही, धक्के नाहीत. ओल्या रस्त्यावरून चाकं जात होती तेवढीच सळसळ. झाडं मागे गेली, हिरवं फाटक पुढे आलं. तिचा हात त्याच्या हातावर तसाच राहिला होता. काढायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, असं आपण म्हणू. गाडी फाटकाशी येऊन अलगद थांबली.

ओसरीत त्याची आई पाठमोरी उभी राहून छोट्या चादरींच्या घड्या घालत होती. तिला कसलीच चाहूल लागली नव्हती. मग घडी ठेवायला ती वळली, आणि फाटकात ती सायीच्या रंगाची गाडी उभी होती, आवाज न करता आलेली.

"आलात?" ती म्हणाली. "पोरं आत्ताच झोप—"

शब्द तोंडातच राहिला. गाडी अशी न वाजता यायची ती फक्त त्याच्या बाबांच्या हातात. तिने हातातली चादर छातीशी धरली. मुलगा गाडीतून उतरला, तिच्याजवळ गेला, आणि तिने भरल्या डोळ्यांनी त्याचा हात धरला. ठिणगी गाडीतच बसून राहिली. तिचेही डोळे भरून आले होते.

"भंगारवाल्याला फोन करते," अखेर आई म्हणाली. "येऊ नकोस म्हणून."

निघताना ठिणगीने त्याला गाडी काढू दिली नाही. "जाते मी चालत. गाडी आता ठणठणीत आहे. काही..." तिने गाडीचं दार लावलं. "तिकडे यायची आता गरज नाही."

तो काहीतरी बोलणार होता. अगदी तोंड उघडलं होतं त्याने. पण तेवढ्यात आईने एक जागं झालेलं पोर आणून त्याच्या खांद्यावर ठेवलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट. तो डोळ्यांनी काय काय सांगत राहिला, पण ठिणगीला इंजिनाची भाषा यायची, डोळ्यांची अजून तितकी नाही. ती ओल्या रस्त्याने चालत गॅरेजवर आली आणि उरलेली संध्याकाळ तिने पान्यांवर राग काढला.

शनिवारी ती पुन्हा एका टेम्पोखाली होती. हाताने काम चालू होतं, पण कान बाहेर होते. गंमत बघा, स्वतःच्या हाताने जो आवाज तिने बंद केला, त्याच आवाजाची ती सकाळपासून वाट बघत होती. आता कुठून यायचा तो? दुपार झाली. शिंप्याचं मशीन थांबलं. मामा खुर्चीत आडवे झाले आणि घोरू लागले. मोठ्या रस्त्यावरून गाड्या येत-जात होत्या. एकही वाजत नव्हती. शहाणी कुठली, ती स्वतःलाच म्हणाली, बरी कशाला केलीस?

तेवढ्यात टेम्पोखालून तिला एक चाक दिसलं. सायीच्या रंगाच्या गाडीचं चाक, दारात उभं असलेलं. ते कधी आलं, कळलंही नव्हतं. मग दार उघडलं आणि दोन पाय उतरले. बुटांवर पिवळा रंग सांडलेला होता.

ती इतक्या घाईने बाहेर आली की कपाळ टेम्पोवर आपटलं.

"ऐकू नाही आली," ती कपाळ धरून म्हणाली.

"तुम्हीच शिकवलंत," तो कुजबुजला. "मामा झोपलेत ना."

"काय बिघडलं?"

"काही नाही."

"प्लग?"

"उत्तम."

"टायमिंग?"

"ते जरा..." तो तिच्याजवळ आला. "काल चुकलं. काल बोलायचं होतं, पण खांद्यावर पोर होतं. खरं तर रोजच बोलायचं होतं. पण तेव्हा मी गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाईकाशेजारी बसायचा तुमच्यात नियम नाही. आता गाडीत काहीही बिघाड नाही. म्हणजे मी गिऱ्हाईक नाही." त्याने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. "मग... बसशील?"

ठिणगीने त्याच्याकडे बघितलं, फरशीवरच्या खडूच्या ढगाकडे बघितलं. हातातला पाना तिने पेटीत ठेवला. अगदी अलगद, कुणाची झोप मोडू नये म्हणून.

"बसेन," ती म्हणाली. "पण मी बोलत बसणार. इंजिनाकडे लक्ष तू द्यायचं."

मामा डोळे मिटूनच होते. तसेच, न हलता, म्हणाले,

"जा गं ठिणगी. आणि दार हळू लावा. इथे माणसं झोपलीत."